जेल नखांमधलं ‘हेमा’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला हे प्रश्न तीन प्रकारच्या बायका विचारतात: जेल पॉलिश (लॅम्पच्या प्रकाशाने कडक होणारं नेलपॉलिश) लावून घेणाऱ्या, किट मागवून घरीच लावणाऱ्या आणि दिवसभर दुसऱ्यांची नखं करणाऱ्या. मी बरीच वर्षं नखांचं काम केलं आणि त्याच कामातून मला जेलमधल्या हेमा या रसायनाची ॲलर्जी झाली. काही उत्तरं लांबली आहेत, पण ती लांबायलाच हवी होती. औषध कोणतं घ्यायचं हे त्वचारोगतज्ज्ञ सांगतील. ते रसायन कातडीला लागतं कसं आणि लागू द्यायचं नाही कसं, ते मी सांगते.

हेमा म्हणजे नक्की काय?

हायड्रॉक्सीएथिल मेथाक्रिलेट या लांबलचक नावाचं हे छोटं रूप. पाण्यासारखं पातळ, रंग नसलेलं द्रव असतं. जेल पॉलिशचा बेस कोट, बिल्डर जेल (नखाला जाडी-लांबी देणारं), रबर बेस, काही प्रायमर यांत ते सर्रास सापडतं. बाटलीवरच्या घटकांच्या यादीत ते रोमन लिपीतल्या एच, ई, एम, ए या चार अक्षरांनी किंवा पूर्ण नावाने लिहिलेलं असतं. यादी बहुतेक वेळा बाटलीवर नसून खोक्यावर असते आणि खोकं आपण पहिल्याच दिवशी फेकून देतो. निदान त्याचा एक फोटो काढून ठेवा. पुढे कधी कातडी बिघडली तर डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील.

हेमाचा रेणू फार लहान असतो, रेणूभार साधारण 130. ढोबळ नियम असा की 500 च्या खालचे रेणू कातडीच्या वरच्या थरातून आत शिरू शकतात. हेमा तर त्याच्या कितीतरी खाली आहे. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ या एका आकड्यात आहे.

इतका त्रास देणारं रसायन आहे, तर ते घालतातच कशाला?

कारण ते काम उत्तम करतं. नख केराटिन या प्रथिनाचं असतं आणि त्यावर जेल धरून ठेवणं सोपं नसतं. हेमा नखावर छान पसरतं, नखाला घट्ट धरतं आणि जेलमधली इतर जाड, मधासारखी रसायनं पातळ करून ब्रशने लावण्याजोगी बनवतं. ते असलं की नख फार खरवडावं लागत नाही. ही त्याची खरी चांगली बाजू आहे आणि ती मी नाकारणार नाही. चांगल्या हाताने लावलेलं हेमावालं जेल तीन आठवडे कडेला उचलत नाही, हे मी रोज पाहिलंय.

सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स हेमापासूनच बनतात म्हणे. डोळ्यात चालतं, मग बोटाला का चालत नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण हा समजला की बाकीचं आपोआप समजतं.

हो, खरं आहे. चेकोस्लोव्हाकियातले रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी हेमापासून पाणी धरून ठेवणारं मऊ प्लास्टिक बनवलं. त्यांचा शोधनिबंध 1960 मध्ये प्रसिद्ध झाला. 1961 च्या नाताळात विख्टर्ले यांनी घरच्या टेबलावर मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून एक यंत्र उभं केलं आणि त्यावर पहिल्या चांगल्या मऊ लेन्स ओतून काढल्या. आज जगभर लोक डोळ्यांत घालतात त्या लेन्सची सुरुवात तिथून झाली.

पण लेन्समध्ये असतं ते हेमा नव्हे, पॉलीहेमा. सुटे मणी आणि ओवलेली माळ यांच्यात जो फरक, तोच इथे आहे. सुटा मणी कुठेही घरंगळतो, फटीत शिरतो. माळेतला मणी हलत नाही. हेमाचा सुटा रेणू, म्हणजे मोनोमर, कातडीत शिरतो. तेच रेणू एकमेकांत गुंफून लांब साखळी झाली, म्हणजे पॉलिमर झालं, की ते आत शिरायला फार मोठं होतं आणि निपचित पडून राहतं. शिवाय लेन्स बनल्यावर ती धुऊन तिच्यातले उरलेसुरले सुटे रेणू काढून टाकतात. आपण नख धुऊन काढत नाही.

तेव्हा हेमा वाईट की चांगलं, हा वाद घालण्यापेक्षा एवढंच विचारावं: आत्ता ते सुटं आहे की गुंफलेलं, आणि सुटं असताना ते कातडीला लागलं का?

म्हणजे लॅम्पखाली ठेवून नख कडक झालं की धोका संपला?

बराचसा संपला. पूर्ण नाही. लॅम्पच्या प्रकाशाने जेलमधलं एक वेगळं रसायन जागं होतं आणि ते मोनोमरला साखळीत गुंफायला लागतं. हे गुंफणं, म्हणजेच क्युअर होणं, कधीच शंभर टक्के होत नाही, थोडे रेणू सुटे राहतातच. नीट क्युअर झालेल्या नखात ते आतच अडकून राहतात. अर्धवट क्युअर झालेल्या नखातून मात्र ते बाहेर येतात, आणि फसवणूक अशी की वरून दोन्ही नखं सारखीच कडक लागतात.

शिवाय लॅम्पमधून हात बाहेर काढल्यावर नखावर एक चिकट थर राहतो. हवेतला ऑक्सिजन वरच्या थराला गुंफू देत नाही, म्हणून तो चिकट असतो. तो थर म्हणजे जवळजवळ कच्चं जेलच. पुष्कळ जणी तो बोटाने चाचपून पाहतात, ‘वाळलं का?’ म्हणून. कृपया पाहू नका. लिंट नसलेल्या कापडावर स्पिरिट घेऊन पुसा, तेही एका नखाला एक स्वच्छ कोपरा वापरून आणि नखाच्या मुळापासून टोकाकडे. एकच बोळा दहा नखांवर फिरवलात तर कच्चं जेल कडेच्या कातडीला चोपडलं जातं.

मी दोन वर्षं जेल लावतेय, कधीच काही झालं नाही. आता अचानक कसं होईल?

अचानक दिसतं, पण ते आतून अचानक घडत नाही. ही ॲलर्जी धुळीने लगेच शिंका येतात तशी नसते. सुटं हेमा कातडीत शिरतं, तिथल्या पहारेकरी पेशी ते उचलतात आणि शरीराच्या संरक्षण व्यवस्थेला त्याची ओळख करून देतात. कधीतरी एकदा शरीर ठरवतं की हा शत्रू. या टप्प्यावर बाहेर काहीच दिसत नाही. मग पुढच्या वेळी कणभर जरी लागलं, तरी एक ते तीन दिवसांत कातडी पेटून उठते.

ही वेळ कुणावर तिसऱ्या वापरानंतर येते, कुणावर सहाव्या वर्षी. ‘मला सोसतं’ याचा अर्थ एवढाच की अजून ती वेळ आलेली नाही. आणि एक ते तीन दिवसांचं हे अंतर फार घोटाळा करतं. शनिवारी जेल लावलं आणि सोमवारी खाज सुटली, की दोष जातो भांड्यांच्या साबणाला.

लक्षणं कशी ओळखायची?

माझंच सांगते. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. ब्रशवर जास्तीचं जेल आलं की मी ते दोन बोटांच्या चिमटीत पुसून काढायची. जिथे शिकले तिथे सगळे तसंच करायचे, कुणी टोकलं नाही. पहिल्यांदा रात्री बोटांच्या टोकांना खाज यायला लागली, आतून, खाजवूनही न शमणारी. मग टोकांची कातडी चकचकीत आणि कोरडी झाली, जुन्या कागदासारखी. बोटांचे ठसे पुसट दिसायला लागले. महिनाभरात चिरा पडल्या. कुर्त्याचं बटण लावताना डोळ्यांत पाणी यायचं, लिंबू पिळणं बंद झालं. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे टोकं बधिर, मुंग्या आल्यासारखी. कातडी बरी झाल्यावरही ती बधिरता बरेच दिवस गेली नाही.

जेल लावून घेणाऱ्यांना त्रास बहुधा नखाभोवती दिसतो: क्यूटिकलपाशी (नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीपाशी) लाली, सूज, बारीक पाण्याचे फोड, सोलणारी कातडी. काहींचं नख खालच्या मांसापासून सुटतं आणि पांढरं दिसायला लागतं, नखाखाली जाड खपली धरते.

आणि पापण्या! हे मुद्दाम वेगळं सांगते, कारण हे कुणाच्या लक्षातच येत नाही. बोटं ठणठणीत आणि पापण्या सुजलेल्या, लाल, खवल्या धरलेल्या, असंही होतं. आपण दिवसभर न कळत डोळ्यांना, गालाला, मानेला हात लावत असतो आणि पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्यात पातळ कातडीपैकी एक. घासताना उडणारी धूळही तिथेच बसते. काजळ बदललं, क्रीम बदललं, तरी पापण्या बऱ्या होत नसतील तर नखांकडे पाहा.

ही बुरशी असू शकते का?

असू शकते, म्हणून अंदाजाने मलम लावू नका. सुटलेलं, जाड झालेलं नख बुरशीतही तसंच दिसतं आणि सोरायसिसमध्येही. जेल लावलेल्या दहाही बोटांना एकदम त्रास असेल आणि पायाची नखं चांगली असतील, तर ॲलर्जीची शंका जास्त. नखाचा तुकडा तपासायला दिला की बुरशीचा उलगडा होतो.

पॅच टेस्ट म्हणजे काय? ती घरी करता येते का?

घरी नाही. कोपरावर जेलचा थेंब लावून पाहणं ही ॲलर्जी ओढवून घेण्याची सोपी रीत आहे. कच्चं हेमा मुद्दाम कातडीवर ठेवायचं म्हणजे शरीराला त्याची ओळख करून देणंच.

त्वचारोगतज्ज्ञ करतात ती टेस्ट मोजून-मापून असते. पाठीवर बारीक कप असलेल्या पट्ट्या चिकटवतात आणि प्रत्येक कपात वेगळा पदार्थ असतो. हेमा पेट्रोलियम जेलीत 2 टक्के या प्रमाणात मिसळलेलं असतं. पट्ट्या 48 तास तशाच ठेवायच्या, पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. मग पट्ट्या काढून पहिली नोंद आणि आणखी दोनेक दिवसांनी दुसरी. ही दुसरी नोंद चुकवू नका, कारण बऱ्याचदा डाग तेव्हाच उठून दिसतो. माझ्या पाठीवर बाकी सगळे चौकोन कोरे होते आणि एकाच ठिकाणी मसुराएवढ्या फोडांचा लाल गोल उठला होता. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला, तेव्हा इतके महिने मी कशाशी झुंजत होते ते कळलं.

नावाच्या शेवटी मेथाक्रिलेट किंवा ॲक्रिलेट येणाऱ्या रसायनांचं एक कुटुंब आहे आणि हेमा ही त्यातली चांगली खबरी आहे. मेथाक्रिलेटची ॲलर्जी असलेले बहुतेक जण हेमाच्या टेस्टमध्ये सापडतात. म्हणूनच 2019 मध्ये युरोपच्या मूळ तपासणी संचात हेमाचा समावेश झाला. त्याआधी, 2012 साली, अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने ॲक्रिलेट गटाला ‘वर्षातला ॲलर्जन’, म्हणजे ॲलर्जी करणारा पदार्थ, जाहीर केलं होतं. पुढे ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या 13 त्वचारोग केंद्रांत तपासलेल्यांपैकी 2.4 टक्के लोकांना या गटातल्या निदान एका रसायनाची ॲलर्जी निघाली.

एकदा ॲलर्जी झाली की ती कायमची? आणि जेल सोडलं की विषय संपला ना?

कायमची, असंच धरून चाला. कातडी बरी होते, पण शरीराची आठवण जात नाही. दोन वर्षं थांबून ‘आता परत लावून बघू’ म्हणणाऱ्या मैत्रिणी आठवड्याभरात पुन्हा त्याच जागी येतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र जड आहे. मेथाक्रिलेट फक्त नखांत नसतात. दातात सिमेंट भरण्याआधी दाताला लावतात त्या चिकट द्रवात (बाँडिंगमध्ये) बऱ्याचदा हेमा असतं. कवळीचं गुलाबी प्लास्टिक याच कुटुंबातल्या मिथाइल मेथाक्रिलेटपासून बनतं. गुडघा किंवा खुबा बदलताना वापरतात त्या हाडाच्या सिमेंटचं मूळही तेच. दंडाला चिकटवायचे साखर मोजणारे सेन्सर आणि इन्सुलिन पंप यांच्या चिकटपट्टीतल्या ॲक्रिलेटमुळे ॲलर्जी झाल्याची उदाहरणं आहेत.

याचा अर्थ दाताचे उपचार बंद असा नाही. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते कच्चं द्रव हिरडीला लागू न देता काम करतात, प्रकाश पुरेसा देतात, लागलं तर वेगळं साहित्य निवडतात. दातांचे डॉक्टर आणि त्यांचे मदतनीस यांना स्वतःला ही ॲलर्जी होते, त्यामुळे त्यांना हा विषय नवा नसतो. पण अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी हौसेखातर घरी जेल लावते आणि तिची ही नोंद पुढे सत्तराव्या वर्षी गुडघा बदलेपर्यंत तिच्यासोबत राहते, हे किट विकताना कुणी सांगत नाही. ते सांगायला हवं. मला याची खरी चीड येते.

घरी वापरायचं किट आणि पार्लरमधलं जेल यांत कायद्याने काही फरक आहे का?

युरोपीय संघात आहे. तिथल्या वैज्ञानिक समितीने 2018 मध्ये मत दिलं की 35 टक्क्यांपर्यंत हेमा असलेलं उत्पादन फक्त नखावर, नीट पद्धतीने लावलं तर धोका संभवत नाही, पण कातडीला लागलं तर ॲलर्जीचा धोका आहे. त्यावरून 2020 मध्ये नियम झाला. 2021 पासून हेमा आणि त्याचं भावंड असलेलं डाय-हेमा ट्रायमिथाइलहेक्झिल डायकार्बामेट ही दोन रसायनं असलेली नखांची उत्पादनं तिथे फक्त व्यावसायिक वापरासाठीच विकता येतात. ‘फक्त व्यावसायिक वापरासाठी’ आणि ‘ॲलर्जी होऊ शकते’ अशी दोन्ही वाक्यं त्यांवर छापावी लागतात.

नियमाचा गाभा पाहा. त्यांनी रसायनावर बंदी घातली नाही, ते कुणाच्या हातात असावं हे ठरवलं. स्वतःच्या उजव्या हाताला डाव्या हाताने जेल लावून पाहिलंय ना? ब्रश क्यूटिकलवर जातोच. डाग पुसायच्या आधीच आपण हात लॅम्पखाली सरकवतो आणि जेल कातडीसकट कडक होतं. पण ऑनलाइन खरेदीत ही भिंत फार पातळ आहे. ‘व्यावसायिक वापरासाठी’ लिहिलेली बाटली कुणीही मागवू शकतं. तेव्हा ते वाक्य तुमच्या बाटलीवर असेल, तर ते तुम्हालाच उद्देशून आहे असं समजा.

लॅम्प कोणताही चालतो का? सगळेच तर निळा उजेड देतात.

नाही चालत. जेलमधलं प्रकाशाने जागं होणारं रसायन ठराविक तरंगलांबीलाच जागं होतं. नखांचे लॅम्प साधारण 365 ते 405 नॅनोमीटरच्या पट्ट्यात काम करतात, पण या पट्ट्यात नेमका किती प्रकाश कुठे आणि किती जोराचा, हे लॅम्पागणिक बदलतं. खोक्यावरचे वॅट पाहून काही कळत नाही. ज्या कंपनीचं जेल, तिने सांगितलेलाच लॅम्प आणि सांगितलेलाच वेळ.

तीन ठिकाणी हमखास कच्चं राहतं. पहिलं म्हणजे जाड थर: वरचा पापुद्रा कडक होतो आणि खालपर्यंत प्रकाश पोचत नाही. दुसरं, काळा, पांढरा आणि गडद रंग, कारण रंगच प्रकाश अडवतो. तिसरं, अंगठा. चार बोटं सपाट ठेवली की अंगठा कुशीवर झोपतो आणि त्याच्या एका कडेला प्रकाश मिळतच नाही. अंगठे नेहमी वेगळे, दोन्ही जोडीने, नख वर करून क्युअर करा. माझ्याकडे दुसरीकडून लावून आलेल्या बायकांचं जेल उचकटलं की अंगठ्याच्या आतल्या कडेला ओलसर, दह्यासारखं जेल निघालेलं मी कितीदा पाहिलंय.

क्युअर होताना नख भाजल्यासारखं झालं तर हात बाहेर काढा. साखळी गुंफताना उष्णता निघते, थर जाड असला की ती जास्त निघते.

नायट्राइल ग्लोव्ह्ज घातले की झालं?

ग्लोव्ह्ज घालाच, पण त्यांवर विसंबून राहू नका. हेमा पातळ नायट्राइलमधून, म्हणजे कृत्रिम रबरातून, काही मिनिटांत आरपार जातं, लेटेक्स तर त्याहून कच्चं. ग्लोव्ह कोरडा दिसतो आणि आत बोट ओलं होत असतं. ग्लोव्हच्या आत घामेजलेल्या कातडीत रसायन आणखीच छान मुरतं.

म्हणून ग्लोव्हवर जेल पडलं की तो पुसत बसायचं नाही, तिथल्या तिथे काढून टाकायचा. स्पिरिट किंवा ॲसिटोनने पुसलात तर ते द्रव हेमाला सोबत घेऊन आत जातात. दर गिऱ्हाइकाला नवीन जोडी, लांब काम असेल तर मध्येच बदलायची. ज्यांना ॲलर्जी आहे आणि काम सोडता येत नाही, त्यांच्यासाठी अनेक थरांचे लॅमिनेटेड ग्लोव्ह्ज मिळतात. ते ढगळ असतात, त्यांत ब्रश धरणं कठीण जातं. काही जणी त्यांची फक्त बोटांची टोकं कापून नायट्राइलच्या आत घालतात. कटकट आहे, पण उपयोग होतो.

खरं संरक्षण हाताच्या सवयीत आहे. क्यूटिकलपासून केसभर अंतर सोडायचं. बाटलीचं तोंड बोटाने पुसायचं नाही. ब्रश टेबलावर आडवा ठेवायचा नाही, कारण तो दांडा तुम्ही पुढच्या क्षणी बोटांत धरणार आहात. कातडीला लागलंच तर कोरड्या कापडाने टिपून लगेच साबण-पाण्याने धुवायचं. घासकाम करताना धूळ ओढणारा पंखा आणि मास्क हवाच, आणि काम संपल्यावर टेबल ओल्या कापडाने पुसायचं, झटकायचं नाही.

‘हेमा-फ्री’ लिहिलेलं जेल घेतलं तर?

ॲलर्जी नसेल तर एक धोका कमी होतो, एवढंच. ॲलर्जी असेल तर त्या शब्दांवर विश्वास टाकू नका. हेमा काढून त्या जागी बऱ्याचदा हायड्रॉक्सीप्रोपिल मेथाक्रिलेट घालतात. ते हेमाच्या इतकं जवळचं आहे की हेमाला ओळखणारं शरीर त्यालाही ओळखतं. यादीत ‘मेथाक्रिलेट’ किंवा ‘ॲक्रिलेट’ या शब्दांनी संपणारं कुठलंही नाव दिसलं तर ते त्याच कुटुंबातलं. आणि मेथाक्रिलेट-ॲक्रिलेट नसलेलं लॅम्पवालं जेल शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही, कारण लॅम्पखाली कडक होणं हेच या कुटुंबाचं काम आहे.

‘हायपोॲलर्जेनिक’, ‘नॉन-टॉक्सिक’, ‘नॅचरल’ हे शब्द मी वाचायचेच सोडून दिलेत.

ॲक्रिलिक नखांतलं एमएमए आणि हेमा एकच का?

नाही, पण नातेवाईक. एमएमए म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट. पावडर आणि द्रव मिसळून करतात त्या ॲक्रिलिक नखांसाठी पूर्वी ते वापरत. नखं विद्रूप होणं, कातडी सुजणं अशा तक्रारी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे आल्या. 1974 मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं, माल जप्त झाला, काही कंपन्यांनी तो परत घेतला. आता चांगल्या द्रवात त्याऐवजी एथिल मेथाक्रिलेट असतं. त्यालाही कातडीपासून दूरच ठेवायचं असतं.

एमएमएचं नख ओळखायला सोपं असतं. वास डोक्यात जाणारा, तिखट-फळांसारखा. नख दगडासारखं कडक. ॲसिटोनमध्ये कितीही बुडवा, विरघळत नाही. ते चिकटण्यासाठी खरं नख बरंच घासून खडबडीत करावं लागतं. आणि कुठे आपटलं तर कृत्रिम नख तुटत नाही, खालचं खरं नख उपटून येतं.

हेमाने कॅन्सर होतो का? गरोदरपणात?

हेमाची अधिकृत ओळख ‘कातडीला ॲलर्जी करणारं, कातडी आणि डोळ्यांना चुरचुरणारं’ अशी आहे. कॅन्सर करणारं किंवा गर्भाला अपाय करणारं म्हणून त्याचं वर्गीकरण झालेलं नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून युरोपीय संघात नखांच्या जेलमधल्या टीपीओ या रसायनावर बंदी आली, ती बातमी बऱ्याच जणी हेमाची समजतात. टीपीओ हे प्रकाशाने जागं होणारं वेगळं रसायन आहे आणि त्याच्यावरचा आक्षेप प्रजननाविषयीचा आहे. गरोदरपणात नवी ॲलर्जी आणि तिची औषधं हा ताप नको म्हणून मी स्वतः थांबायला सांगते.

मग मला लावण्यासारखं काय उरलं?

साधं नेलपॉलिश. ते वाळतं, क्युअर होत नाही, त्यात हेमा नसतं. मात्र काही पॉलिशमध्ये फॉर्मल्डिहाइडवर आधारित रेझिन असतं आणि त्याचीही ॲलर्जी काहींना असते. चिकटवायची तयार नखं चिकटपट्टीने लावली तर ठीक. ती लॅम्पखाली जेलने चिकटवायची असतील तर पुन्हा तोच प्रश्न. नखांचा गोंद आणि डिप पावडरचं (नख पावडरीत बुडवून करायच्या पद्धतीचं) द्रव सायनोॲक्रिलेटचं असतं. नावाच्या शेवटी ‘ॲक्रिलेट’ असलं तरी ते वेगळ्या घराण्यातलं आहे, हेमाची ॲलर्जी असणाऱ्यांना बहुधा त्याचा त्रास होत नाही. ‘बहुधा’ म्हटलंय, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा.

ॲलर्जी झाल्याचं कळलं आणि नखांवर अजून जेल आहे. काय करू?

उचकटू नका. जेलसोबत नखाचे पापुद्रे निघतात. अनुभवी हाताकडून काढून घ्या: वरचा थर हलकेच घासून, नखाभोवती व्हॅसलीनचा जाड लेप देऊन, ॲसिटोनचा कापूस बांधून दहा-पंधरा मिनिटं. बिल्डर जेल यात विरघळत नाही, ते घासूनच काढावं लागतं आणि धूळ उडते, म्हणून मास्क लावा, डोळे झाका. मग थांबा. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, मुळापासून टोकापर्यंत नवं यायला जवळपास सहा महिने लागतात. मधल्या काळात ते वेडंवाकडं दिसेल. ते झाकायला पुन्हा जेल लावायचा मोह होतो, आणि तिथेच पुष्कळ जणी घसरतात.

उरलेलं जेल कसं टाकायचं?

कच्चं तसंच नाही. जेलने भरलेले बोळे आणि कापड काही मिनिटं लॅम्पखाली किंवा उन्हात ठेवून कडक होऊ द्या, मग कचऱ्यात. बेसिनमध्ये अजिबात ओतू नका. केरकचरा उचलणाऱ्या बाईच्या हातालाही बोटंच असतात.

दातांच्या डॉक्टरांना नेमकं काय सांगू?

‘मला नेलपॉलिशची ॲलर्जी आहे’ असं सांगू नका, त्यातून त्यांना काही कळत नाही. रसायनाचं नाव सांगा. माझ्या पर्समध्ये आधार कार्डाशेजारी एक जाड कागदाचा तुकडा असतो. त्यावर पॅच टेस्टची तारीख, त्याखाली ‘टू-हायड्रॉक्सीएथिल मेथाक्रिलेट: पॉझिटिव्ह’, आणि त्याखाली तीन ओळी: दाताचं बाँडिंग, हाडाचं सिमेंट, चिकटवायचे सेन्सर. मागच्या वेळी दाढ भरायला गेले तेव्हा खुर्चीत बसायच्या आधी तो तुकडा पुढे केला. डॉक्टरांनी वाचला, ट्रेमधली एक बाटली उचलून मागचं लेबल पाहिलं आणि ती बाजूला ठेवून दुसरी मागवली.